कोरडी टाळू

६ जुलै

चंदरला आता अर्धाच कप चहा ओतते. भरलेला कप ओठांपर्यंत जाईतो बशी, शर्ट आणि टेबल तिन्ही ओली होतात. अर्धा कप दिला की काही घडलंच नाही असं दोघांनाही वागता येतं.

इथे नवऱ्याचं नाव लिहिते, एकेरीत. तोंडाने कधी म्हटलेलं नाही.

त्याला ग्राइंडिंग मशिनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत साच्यांचे भाग घासून मापात आणायचं काम तो लग्नाआधीपासून करतो. साहेब म्हणाले, हात थांबला की मशिन तुमचंच. नाही थांबला तर मार्चनंतर बघू. बघू म्हणजे काय ते त्याने विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

स्टोअरच्या खिडकीशी पोरं म्हणतात, "चंदरभाऊ, सकाळी सकाळीच?" आणि अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवतात. त्याने आयुष्यात थेंब घेतलेला नाही. हलणारा हात दिसला की लोकांना एकच कारण सुचतं. त्यांना तरी काय बोलू? मलाही तेच सुचलं असतं.

११ जुलै

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. कुंभमेळ्याच्या कामासाठी रस्ते खणून ठेवलेत, म्हणून रिक्षा सोडून शेवटचा तुकडा चाललो. सासूबाई पण आल्या. त्यांना घरी ठेवलं की त्या दारात उभ्या राहतात आणि मग पाय सुजतात.

डॉक्टरांनी त्याला कागदावर गोगलगाईसारखं आतून बाहेर गोल काढायला सांगितलं. रेघ दातेरी आली. एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला सांगितलं. निम्मं टेबलावर गेलं. मग म्हणाले, हा पार्किन्सन नाही. हात मांडीवर असताना शांत असतो, काही करायला गेलं की हलतो. याला इसेन्शिअल ट्रेमर म्हणतात. जिवाला धोका नाही.

"जिवाला नाही," चंदर म्हणाला. "नोकरीला आहे."

डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेता?"

मीच म्हणाले, "आमच्याकडे तसलं काही नाही."

"मी रागवायला विचारत नाही हो. या आजारात थोडी घेतली की बऱ्याच जणांचा हात थांबतो. निदानाला उपयोग होतो म्हणून विचारायचं."

"किती वेळ थांबतो?" चंदरने विचारलं. त्याला प्रत्येक गोष्ट मुळापासून विचारायची सवय आहे.

"थोडा वेळ. मग दुपटीने हलतो. तो उपाय नव्हे."

आधी गोळ्या. त्यांनी जमलं नाही तर मुंबईत एक नवी सोय झाली आहे. डोकं उघडत नाहीत. बाहेरून ध्वनिलहरी सोडतात, कानाला ऐकू न येणाऱ्या. त्या कवटीतून आत जातात आणि मेंदूत एका जागी गोळा होऊन ज्वारीच्या दाण्याएवढा भाग तापवून बंद करतात. माणूस जागा असतो. टेबलावरच हात थांबतो. एका बाजूचाच करतात, पण उजवा थांबला की माणूस सुटला.

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आवाजानं हात थांबतो व्हय? मंग माझ्या आवाजानं कवाच थांबला आसता."

चंदर हसला. बऱ्याच दिवसांनी.

३ ऑगस्ट

गोळ्यांनी नाडी मंदावली. परवा तो बाथरूममधून बाहेर येताना भिंत धरून खाली बसला. डोस कमी केला, तर हात होता तसाच. बंद केल्या. डॉक्टरांनी मुंबईला चिठ्ठी दिली आहे. तिथे नंबर डिसेंबरात लागेल. खर्चाचं ठरलं आहे, त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

डिसेंबरपर्यंत काय करायचं ते कोणी सांगितलं नाही.

२१ ऑगस्ट

चंदरने संध्याकाळी फिरायला सुरुवात केली आहे. पाथर्डी फाट्यापर्यंत जातो. कामावरच्या कोणीतरी होमिओपॅथीचा डॉक्टर सांगितला, त्याचे थेंबही सुरू केलेत. पाण्यात घालून घ्यायचे असतात. माझा त्यावर विश्वास नव्हता. शाळेत, मी ग्रंथालय सांभाळते तिथे, आमच्या मुख्याध्यापिका सर्दीवर त्या साखरेच्या गोळ्या खातात आणि सर्दी आठ दिवस राहते.

पण आज तो फिरून आला, हातपाय धुतले आणि सासूबाईंना तांब्यातून पाणी ओतून दिलं. फुलपात्र काठोकाठ भरलं. एक थेंब सांडला नाही.

सासूबाई फुलपात्राकडे बघत राहिल्या. "आरं, भरलं की रं."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. मग त्याला पूर्ण कप चहा दिला. त्याने तो सगळ्यांसमोर प्याला. तोंडाला थेंबांचा वास येत होता, स्पिरिटसारखा. तो वास मला आवडला असं लिहिलं तर कोणी हसेल, पण इथे वाचायला कोणी नाही.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. मला भाऊ नाही, म्हणजे आता नाही. भाऊ नसलेल्या बाईने चंद्राला ओवाळायचं असतं. गच्चीवर ताम्हण घेऊन गेले तर चंद्र नखाएवढाही नव्हता. ढगाकडे बघून ओवाळलं.

दादाचे हात सकाळी हलायचे. दाढीचं पाणी हिंदकळायचं. आई म्हणायची, रात्रीची उतरतेय. शेवटी शेवटी तो मला ओळखत नव्हता. तेव्हापासून मी पुरुषाचे हात आधी बघते, तोंड मागून. लग्न ठरताना चंदरने चहाचा ट्रे माझ्या हातातून घेतला होता. ट्रे जराही हलला नव्हता. मी तेवढ्यावर हो म्हटलं.

आज पाडव्याची राहिलेली करंजी खाताना त्याचे हात पुन्हा तसेच स्थिर होते. थेंबांचा गुण येतो आहे. फक्त सकाळी फार वाईट असतात, पूर्वीपेक्षा जास्त. थंडीने असेल. ब्रश तोंडात नेता येत नाही म्हणून बोटाने दात घासतो. थेंब घेतले की बरा होतो. बाटली बरीच मोठी आहे. होमिओपॅथीच्या बाटल्या इतक्या मोठ्या असतात हे मला माहीत नव्हतं.

९ नोव्हेंबर

धम्मपाल आला होता. चंदर आणि तो एकाच खात्यातले. तो सकाळी चंदरला आपल्या गाडीवर घेऊन जातो. मुद्दाम चंदर फिरायला गेलेला असताना आला, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

खुर्चीच्या कडेवर बसला. चहा नको म्हणाला, मग घेतला.

"वहिनी, संध्याकाळी चंदर कुठं जातो?"

"फिरायला. पाथर्डी फाट्यापर्यंत."

"रोज?"

"रोज. अहो, त्यानेच तर फरक पडला. तुम्ही हात बघितले का?"

"बघितले." त्याने कप खाली ठेवला. "जरा लक्ष ठेवा, वहिनी. एवढंच सांगायला आलो."

"कशावर?"

त्याने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "काय रं धम्मा, तुला बी हात हलायला लागलं का काय?" तो उठला.

चंदर स्टोअरला गेल्यापासून त्याचं मशिन धम्मपालकडे आहे. चंदर बरा झाला की ते परत द्यावं लागेल. माणसाचं मन कुठे कसं वळेल सांगता येत नाही. चंदरला सांगितलं तर म्हणाला, "त्याच्याकडे लक्ष नको देऊ." आणि आत जाऊन झोपला. जेवला नाही.

४ डिसेंबर

मुंबई. पहाटे टॅक्सीने निघालो. थेंबांची बाटली घरी राहिली असं इगतपुरीच्या पुढे त्याच्या लक्षात आलं. परत फिरू म्हणाला. मी म्हटलं, आता डॉक्टरच भेटणार आहेत, एका दिवसाने काय होतं. कसारा घाटात त्याला ओकारी झाली. सगळ्या अंगाला घाम, डिसेंबरात. रुग्णालयात पोचलो तेव्हा दोन्ही हात असे हलत होते की दारावरच्या माणसाने व्हीलचेअर पुढे केली. मी नको म्हटलं. चंदर बसला.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण आहेत, हळू बोलतात. शिरस्त्राणासारखं ते यंत्र आम्हाला चित्रात दाखवलं. त्यांनी सांगितलं, सगळ्यांना हा उपचार देता येत नाही. काहींच्या कवटीचं हाड असं असतं की लहरी आत पोचत नाहीत, हाडातच अडतात. म्हणून आधी डोक्याचा सीटी काढतात. शिवाय रक्ताच्या तपासण्या.

मग त्यांनीही विचारलं, दारू घेता का. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी त्यांना विचारलं."

"नाही," चंदर म्हणाला.

त्या थोडा वेळ त्याच्या हातांकडे, मग डोळ्यांकडे बघत राहिल्या. काही लिहिलं. मला राग आला. नाशिक असो, मुंबई असो, हात हलला की हाच प्रश्न.

रक्त काढताना दोन माणसांना त्याचा हात धरावा लागला.

१२ डिसेंबर

रिपोर्ट घ्यायला गेलो. या वेळी बाटली बरोबर होती, वाटेत दोनदा थेंब घेतले, हात बरे होते. चंदर म्हणाला, आत मी एकटाच जातो. मी म्हटलं, का? "मला ऐकू येतं," म्हणाला.

मी बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी वसईच्या एक बाई होत्या, त्यांच्या नवऱ्यावर हाच उपचार ऑगस्टमध्ये झाला होता. तो माणूस कागदी कपातून कॉफी पीत होता. एका हाताने. तो कप हातात उगाच फिरवत होता, मला दाखवायला असेल. डावा हात अजून हलत होता, तो त्याने मांडीखाली ठेवला होता. बाई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या कपाळाला टिकली लावली. सरळ." मी त्या बाईचा फार हेवा केला.

चंदर फार वेळाने बाहेर आला. मागे डॉक्टरबाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "तीन महिने. नीट पाळा, मग परत या. मी तुमची जागा ठेवते." माझ्याकडे बघून काही म्हणणार होत्या, तर चंदरने माझा दंड धरला आणि लिफ्टकडे चालायला लागला. रिपोर्ट घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात होता.

"काय म्हणाल्या?"

लिफ्ट खाली आली. आम्ही रस्त्यावर आलो. मग तो म्हणाला, "कवटी."

"कवटी काय?"

"जुळत नाही. लहरी अडतात."

"मग तीन महिन्यांनी कशाला बोलावलं?"

"सगळ्यांना तसंच सांगतात. तोंडावर नाही म्हणत नाहीत."

परतीच्या वाटेत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी त्याच्या डोक्याकडे बघत होते. केसांत काही दिसत नाही. इतकी वर्षं उशीला उशी लावून झोपले आणि हाडाबद्दल कधी विचार आला नाही.

१४ डिसेंबर

सासूबाईंना आज सांगितलं. दोन दिवस चंदर सांगेल म्हणून थांबले होते. तो सांगत नाही.

त्या तांदूळ निवडत होत्या. सुपातला हात थांबला.

"कवटी वाईट हाय म्हनले?"

"वाईट म्हणजे... हाड तसं आहे."

"टाळू," त्या म्हणाल्या. "त्याची टाळू भरली नाय मी."

मग एकदम बोलायला लागल्या. चंदर झाला ते दुष्काळाचं साल. बाहत्तर. सगळं गाव खडी फोडायला जायचं. त्या बाळंतपणानंतर सव्वा महिन्यातच गेल्या, पोराला बाभळीखाली फडक्यावर ठेवून. घरात तेलाचा थेंब नव्हता. शेजारणी टाळूवर तेल घालून थापतात, डोकं गोल करतात, बाळाच्या डोक्याचं हाड भरून येतं. त्यांनी पाणी लावलं होतं. सासू म्हणायची, कोरड्या टाळूचं पोर, पुढं काय हुईल त्याचं.

"पानी लावलं मी. पान्यानं काय हुतंय? हाड कोरडं राहिलं त्याचं."

मी म्हटलं, आई, असं नसतं. टाळूचा आणि याचा संबंध नाही. पण किती ठामपणे म्हटलं? आम्हाला मूल झालं नाही. टाळू भरणं मी फक्त दुसऱ्यांच्या घरी पाहिलं आहे, वाटीत कोमट तेल आणि त्याखाली ते लहानसं, श्वासासारखं उडणारं. डॉक्टरबाईच म्हणाल्या होत्या की काहींचं हाड तसं असतं. तसं का असतं ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

चंदर दाराशी उभा होता. सगळं ऐकलं असावं. चपला घालून बाहेर गेला.

२२ डिसेंबर

सासूबाई सकाळी पाट मांडतात. वाटीत खोबरेल कोमट करतात. "चंदर, बस."

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "आई, काय हे." दुसऱ्या दिवशी नुसता उभा राहिला. आता बसतो. त्रेपन्न वर्षांचा माणूस लुंगीवर, गुडघे पोटाशी घेऊन, आणि त्याच्यामागे पंचाहत्तर वर्षांची बाई. त्या तेल टाळूवर सोडतात आणि तळव्याने थापतात. मान खाली जाते. पुटपुटत असतात, काय ते कळत नाही.

आज त्याने विचारलं, "आता भरेल का ती?"

"भरंल. का नाय भरनार? उशिरा का हुईना."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "आई, तुझा काही दोष नाही."

"मंग कुनाचा?"

त्या थापत राहिल्या. तेल कानामागून मानेवर आलं. त्याने पुसलं नाही. मला वाटलं तो रडतो आहे. तेल डोळ्यांत गेलं असेल.

६ जानेवारी

लिहिताना भीती वाटते. लिहिलं की जातं असं वाटतं.

सकाळचा कंप कमी झाला आहे. तेल लावून झालं की तो आंघोळीला जातो, तिथेच थेंब घेतो, आणि बाहेर येतो तेव्हा हात शांत. आज त्याने स्वतः शर्टाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत. थेंब तर ऑगस्टपासून चालू आहेत आणि सकाळ सुधारली नव्हती. मग नवं काय आहे? तेलच नवं आहे.

मी ग्रंथालयात बसून याचा विचार करते. मी शिकलेली बाई आहे. पण सीटीत दिसलं ते हाड कोणी डोळ्यांनी बघितलं आहे का? डॉक्टरांना जे जमलं नाही ते एखाद्या हाताला जमत असेल. मी सासूबाईंना काहीच बोलले नाही. आज फक्त वाटी मी कोमट करून दिली.

१४ जानेवारी

संक्रांत. तळमजल्याच्या आक्काबाई तिळगूळ द्यायला आल्या आणि पाटावरचा चंदर बघून दारातच थांबल्या.

"अगं बाई, न्हाऊ घालताय का बाळाला?"

"बाळच हाय," सासूबाई म्हणाल्या.

आक्काबाईंनी त्याच्या तळहातावर तिळगुळाची वडी ठेवली. हात हलला नाही. त्या म्हणाल्या, माझ्या गुडघ्यांना पण लावा की हे तेल. सासूबाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "गुडघ्याला टाळू असती का गं?"

चंदरने वडी खाल्ली नाही, खिशात टाकली. हल्ली तो काहीच खात नाही. संक्रांतीची गुळपोळीही तशीच ठेवली.

२ फेब्रुवारी

मशिन मिळालं.

साहेबांनी त्याच्याकडून एक भाग घासून घेतला, मापून बघितला आणि म्हणाले, उद्यापासून या. घरी येऊन त्याने सांगितलं तेव्हा आवाज सपाट होता. मी देवापुढे साखर ठेवली. सासूबाईंनी आपले दोन्ही तळवे कपाळाला लावले, देवाला नाही, तळव्यांनाच नमस्कार केल्यासारखे.

धम्मपाल रात्री जिन्यात भेटला. वर आलाच नाही.

"वहिनी, मी उद्यापासून त्याला गाडीवर नेणार नाही."

"का हो?"

"आणि त्याच्या शेजारच्या मशिनवर उभाही राहणार नाही. साहेबांना सांगितलंय. दुसऱ्या खात्यात द्या म्हटलं."

"धम्मपाल भाऊजी, त्यांचं होतं ते त्यांना परत मिळालं. एवढं मनाला लावून घेऊ नका."

"तुम्हाला खरंच कळत नाही का हो?" म्हणाला. मग जिना उतरून गेला.

दादाला आयुष्यभर मित्र होते, गल्लीभर. ते त्याला घरी आणून सोडायचे. चंदरला एकच होता. पण दादाच्या मित्रांपेक्षा मित्र नसलेला बरा.

२७ फेब्रुवारी

डोळे पिवळट दिसतात. मी खिडकीशी नेऊन बघितले. तो म्हणाला, मशिनच्या दिव्याने होतं. पोट थोडं पुढे आलं आहे आणि हातपाय काटकुळे. वय झालं की पुरुषांचं तसं होतं म्हणे. उसाचा रस आणते रोज. तो अर्धा पितो.

काल त्याने सासूबाईंना खेकसून सांगितलं, "पुरे कर ते तेल!" वाटी उलटली. त्या खाली बसून फरशीवरचं तेल ओंजळीत गोळा करत राहिल्या. मग त्यानेच फडकं आणलं, त्यांच्या शेजारी बसून पुसलं आणि पाटावर जाऊन बसला. पाठ करून.

"थाप," म्हणाला.

पण हात हलत नाहीत. हे लिहून ठेवलं पाहिजे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, केव्हाही बघावं तर शांत. घास, चावी, पेन, काहीही. ज्यासाठी मुंबईला गेलो ते घरात झालं. कधी कधी तो स्वतःच्या हाताकडे असा बघतो की तो दुसऱ्या कोणाचा असावा.

१७ मार्च

दुपारी ग्रंथालयात फोन आला. मुंबईचा. वेदिका म्हणून मुलगी, रुग्णालयातली, तारखा देण्याचं काम करते.

"सरांचा फोन लागत नाही. कितीदा केला. तुमचा नंबर फॉर्मवर होता म्हणून केला. त्यांची तीन महिन्यांची तपासणी राहिली आहे."

मी म्हटलं, "ते मशिनवर असतात, फोन घेत नाहीत. पण कशाची तपासणी? तीन महिन्यांत कवटी बदलते का?"

"कवटी?"

"कवटी जुळत नाही ना त्यांची."

"असं... सरांनी सांगितलं?"

"हो."

मागे कोणाचं तरी नाव पुकारत होते. मग म्हणाली, "मॅडम, मला रिपोर्टबद्दल फोनवर बोलता येत नाही. फक्त पेशंटशी बोलू शकतो आम्ही. पण तुम्ही त्यांना घेऊन या. प्लीज. डॉक्टरांनी त्यांची जागा अजून ठेवली आहे. फक्त रक्त परत बघायचं आहे. ते चांगलं आलं तर पुढच्याच महिन्यात करून टाकू."

मला त्या मुलीची दया आली. तिचं कामच ते आहे. एकदा दारात आलेलं माणूस ही मोठी रुग्णालयं सोडत नाहीत. आधी नाही म्हणायचं, मग जागा ठेवली म्हणायचं.

"गरज नाही," मी म्हटलं. "त्यांचे हात थांबले."

"थांबले? कशाने?"

तेलाने, असं मी त्या मुलीला सांगू शकले नाही. म्हटलं, "घरच्या उपायाने. आता अजिबात हलत नाहीत. सकाळीसुद्धा नाही."

"मॅडम, एकदा त्यांना आणाच. डॉक्टरांशी बोलता का? मी जोडून देते."

"नको."

"मग नाव काढावं लागेल. मागे खूप लोक थांबलेत. एकदा काढलं की परत सगळं पहिल्यापासून, आणि तेव्हा जागा मिळेल असं नाही."

वाचनाच्या टेबलापाशी सातवीची मुलं भांडत होती. मी त्यांना खुणेने गप्प केलं. मला वसईच्या त्या बाईची टिकली आठवली. मग सासूबाईंचे तळवे. फरशीवरून गोळा केलेलं तेल.

"काढा," मी म्हटलं.

"नक्की?"

"दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल."

तिने नाव, वय, गाव परत विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, बरं. मग फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "काळजी घ्या त्यांची, मॅडम." चांगली मुलगी असावी.

घरी येऊन सासूबाईंना तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. आपलं पोर आपन बघू." आणि उद्याचं तेल वाटीत काढून ठेवलं.

चंदर अजून आलेला नाही. आल्यावर फोनचं सांगणार नाही. बारा डिसेंबरनंतर त्याने मुंबईचं नाव काढलेलं नाही. मीही पुन्हा काढणार नाही असं ठरवलं आहे. त्या आशेने त्याला फार त्रास दिला.